खड्यांचा ढीग आणि ढोलीतली धनेशीण

एका जंगलात नदीकाठी एक जुना बेहडा होता, आणि त्या बेहड्याच्या उंच ढोलीत एक धनेशीण नवी नवरी होऊन राहायला आली होती. धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगायला हवं. भल्यामोठ्या पिवळ्या चोचीचा हा काळापांढरा पक्षी उडाला, की त्याच्या पंखांचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो. या पक्ष्यांच्या घराण्यात एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक फट, चोच बाहेर येईल एवढीच. आत बसल्या बसल्या तिची जुनी पिसं गळतात, नवी यायला वेळ लागतो, आणि तोवर तिला उडता येत नाही. म्हणजे तीन महिने नवरा फटीतून जे भरवेल, त्यावर तिचा जीव आणि तिच्या पिलांचाही.

ढोली सासूची होती. सासूने ती सोडून निघताना एकच गोष्ट बजावली होती. "हे बघ सूनबाई, आत काही साठवायचं नाही. बी, साल, घाण, सगळं फटीतून खाली टाकायचं. माझ्या सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं. घर स्वच्छ, तर पिलं धड."

धनेशिणीने मान डोलावली. तशी ती बोलायला कमीच. पण ढोलीची फट होती प्राण्यांचा बाजार भरे त्या मैदानासमोर, आणि तिला दिवसभर दुसरं काम नव्हतं. त्यामुळे त्या जंगलात कोण कोणाशी काय बोललं, कोण कोणावर रुसलं, हे सगळं तिला ठाऊक असे. नव्या सुनेला दिसतं सगळं. विचारत मात्र तिला कोणी नाही.

एके दिवशी वाघमहाराज नदीवरून पाय आपटत परत आले. पलीकडच्या जंगलाचा राजा एक सिंह होता, आणि त्याने पलीकडच्या काठावरून ओरडून सांगितलं होतं, "आमचं जंगल तुमच्या जंगलाहून श्रीमंत आहे!" वाघाला उत्तर देता आलं नव्हतं. त्याच्या जंगलाची श्रीमंती किती, हेच त्याला माहीत नव्हतं.

"त्यात काय अवघड आहे, महाराज?" कोल्हा पुढे येऊन म्हणाला. हा कोल्हा नीटनेटका होता, अंगाला कधी कुसळ लागू देत नसे. "बाजारात एकाने काही दिलं आणि दुसऱ्याने बदल्यात काही दिलं, की मी एक खडा टाकीन. जितका ढीग उंच, तितकं जंगल श्रीमंत. सिंहही म्हणे असाच ढीग रचतो. उन्हाळ्यात नदी आटली की त्याला बोलावू आणि ढिगाला ढीग लावून पाहू."

वाघाला हे एकदम पटलं. दिसेल असं काहीतरी त्याला हवंच होतं.

दुसऱ्याच दिवशी कोल्हा घरोघर चौकशीला निघाला. बेहड्याखाली आला तेव्हा धनेश नुकताच चोचभर उंबरं घेऊन आला होता.

"काय धनेशभाऊ, दिवसभर काय करता?"

"उंबरं आणतो. पंधरा-वीस खेपा होतात."

"कोणासाठी?"

"हिच्यासाठी."

"आणि बदल्यात वहिनी काय देतात?"

धनेश गोंधळला. "ती काय देणार? ती आत आहे."

"आत काय करतात?"

"अंडी उबवते."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? आमची!"

"हं," कोल्हा म्हणाला. "मग देवघेव नाही. खडा नाही." धनेशाचं तोंड पडलेलं पाहून तो जरा मऊ झाला. "वाईट वाटून घेऊ नका. पण गेल्या वर्षीचं आठवा. तुमचं लग्न व्हायचं होतं. तुम्ही यांना टोळ द्यायचात, या तुम्हाला उंबरं द्यायच्या. ती देवघेव होती. तेव्हा मोजणी असती तर रोज एक खडा पडला असता. तुम्ही लग्न केलंत आणि जंगल रोज एका खड्याने गरीब झालं."

वरच्या फटीतून आवाज आला, "अहो भावोजी, हे आधी नाही का सांगायचं? मी अंडी बाजारात नेऊन उबवली असती."

कोल्ह्याला थट्टा कळली नाही. "तसंही चालेल, वहिनी," तो गंभीरपणे म्हणाला, "पण मग ती दुसऱ्याची हवीत."

मुलांनो, ढीग वाढू लागला. रोज संध्याकाळी वाघमहाराज त्याच्याभोवती फेरी मारत आणि मिशीतल्या मिशीत हसत. राजा हसतो म्हटल्यावर सगळ्यांनाच ढिगाचं वेड लागलं. साळिंदर वाटेवर खड्डे खणू लागलं आणि रानडुक्कर ते बुजवू लागलं. दोघांना मजुरी म्हणून कंदमुळं मिळाली, ढिगात दोन खडे पडले, आणि वाट होती तिथेच राहिली. एकदा वादळात मोठी फांदी मोडून एका हरणाचा पाय जायबंदी झाला. फांदी ओढायला एक, पाय बांधायला एक, पाला आणायला एक, असे बघता बघता अकरा खडे झाले. "वादळ लाभलं हो आपल्याला!" कोल्हा म्हणाला. हरीण लंगडत निघून गेलं.

समोरच्या पांगाऱ्यावर दोन साळुंक्यांची घरटी होती. आपापल्या पिलांना भरवलं तर खडा पडत नाही, म्हणून त्यांनी एकमेकींच्या पिलांना भरवायचं ठरवलं. धनेशीण फटीतून त्यांचं बोलणं ऐके.

"तुझा धाकटा अळी थुंकून टाकतो गं!"

"त्याला टोळ लागतो."

"मग आधी सांगायचं नाही?"

"सांगणार होते. पण सल्ल्याचा वेगळा खडा पडतो म्हणे. तू बदल्यात काय देतेस ते बोल आधी."

धाकटा तेवढा वेळ चोच उघडून ओरडतच होता.

धनेशिणीला हसू येई. पण एके दिवशी तिचं हसू मावळलं. कोल्ह्याची नजर उंबरावर गेली होती.

त्या जंगलात ओढ्याच्या वळणावर एक मोठा उंबर होता. तो कोणा एकाचा नव्हता. पक्षी, माकडं, खारी, रात्री येणारी वटवाघळं, खाली पडलेली फळं खाणारी हरणं, पाण्यात पडलेली खाणारे मासे, सगळे तिथेच जेवत. "हजारो फळं!" कोल्हा वाघाला म्हणाला. "आणि ढिगात त्यांचा एकही खडा नाही. महाराज, हे झाड आपल्याला बुडवतंय." झालं! उंबराभोवती काट्यांचं कुंपण पडलं. दारात अस्वल उभं राहिलं. वरून पक्षी येऊ नयेत म्हणून फांद्याफांद्यांवर माकडं बसली. काहीतरी द्या, मगच उंबरं घ्या.

धनेश रिकाम्या चोचीने दारापाशी उतरला. "दादा, ढोलीत हिला भूक लागली असेल."

"मला कळतं रे बाबा," अस्वल म्हणालं. ते मनाने वाईट नव्हतं. "पण मी नुसतं दार धरतो. काहीतरी दे. काहीही दे. फुकट दिलं तर ढिगाचा अपमान होतो, असं कोल्होबा म्हणतात."

धनेशाजवळ काय होतं? घर ढोलीत, संसार चोचीत. तेवढ्यात कोल्ह्याचं लक्ष त्याच्या लांब शेपटीकडे गेलं. भेटीच्या दिवशी महाराजांचं आसन सजवायला तसली पांढरी पिसं हवीच होती. एका पिसाला दहा उंबरं, असा भाव ठरला.

ढोलीत आता दोन पिलं बाहेर आली होती. आंधळी, उघडी, आणि सदा तोंड वासलेली. फटीतून येणारी उंबरं कमी झाली आहेत, हे धनेशिणीने पहिल्याच दिवशी ओळखलं. नवरा येतो, भरवतो, आणि मागे न वळता तसाच मागच्या मागे उडतो, हे तिने दुसऱ्या दिवशी ओळखलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, जरा वळा बरं."

"कशाला?"

"वळा म्हणते ना."

धनेश वळला. शेपटीची निम्मी पिसं नव्हती.

"गळली," तो म्हणाला. "ऋतूच आहे ना पिसं गळायचा."

"तो ऋतू माझा, तुमचा नव्हे," धनेशीण म्हणाली. मग फटीतून एक लांब पांढरं पीस बाहेर आलं, त्यामागून दुसरं. "ही घ्या. माझी इथे आतच पडली आहेत. सासूबाईंनी सगळं बाहेर टाकायला सांगितलंय. म्हटलं, तुमच्या चोचीत टाकावं. आणि स्वतःच्या शेपटीला आता हात लावू नका. तुम्हाला वळता आलं नाही तर आमच्याकडे येणार कसे?"

त्या दिवशी पिलांनी पोटभर खाल्लं. कोल्ह्याने मोठ्या कौतुकाने खडे टाकले. "बघा! वहिनींनी घरबसल्या जंगल श्रीमंत केलं." अंडी उबवली तेव्हा शून्य, पिसं गळली तेव्हा कौतुक! धनेशिणीला गंमत वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही. तिच्याजवळ लांब पिसं होती आठ. पिलं रोज वाढत होती आणि पिसं रोज कमी होत होती. नदी आटायला आली तेव्हा शेवटचं पीसही गेलं. ढोली फोडून बाहेर यावं, तर नवे पंख अजून अर्धेच आले होते.

शेवटी भेटीचा दिवस उजाडला. त्या सकाळी धनेश चार किडे आणि एक सुकलेलं चंदनाचं फळ घेऊन आला. धनेशिणीने किडे पिलांना भरवले, फळाचा गर दोघांत वाटला, आणि नेहमीच्या सवयीने बी फटीतून खाली टाकलं. स्वतः काही खाल्लं नाही.

"तू?" धनेशाने विचारलं.

"मी बघते आहे," ती म्हणाली. "आज बाजारात बघण्यासारखं पुष्कळ आहे."

वाघमहाराज पिसांच्या आसनावर बसले होते. शेजारी ढीग होता, चांगला गव्याच्या पाठीएवढा. पण समोर पाहिलं तर आटलेल्या नदीच्या पलीकडे सिंहाचा ढीग दिसत होता, आणि तो ढीग नव्हता, तो डोंगर होता. कोल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं.

वाळू तुडवत सिंह आला. सगळे बघत राहिले. आयाळ विस्कटलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मागे त्याचे चार सोबती, तेही तसेच. सिंहाने ढिगाकडे पाहिलंही नाही. तो सरळ बेहड्याच्या सावलीकडे गेला, पण सावलीच्या कडेला येऊन थांबला.

"इथे बसायला काही द्यावं लागतं का?" त्याने विचारलं.

कोल्हा तोंड उघडणार होता, पण वाघ आधी बोलला. "सावलीला? छे! बसा की."

सिंह मटकन बसला. "आमच्याकडे द्यावं लागायचं," तो म्हणाला. "आधी सावली विकली. मग फांद्या, मग झाडं. हत्तींनी पाडायची, गव्यांनी ओढायची, दर झाडामागे सात खडे. फार भराभर वाढला हो ढीग. झाडं गेली तसे पक्षी गेले, गवत वाळलं तशी हरणं गेली. आता डोंगर तेवढा आहे. त्याची सावलीसुद्धा तापते."

एवढं बोलून त्याने मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला ते दिसलं. बेहड्याच्या बुंध्याभोवती, ढोलीच्या अगदी खाली, रोपांची दाटी झाली होती. काही चार बोटांची, काही गुडघ्याएवढी, काही थेट सिंहाच्या पाठीला टेकणारी. उंबर, चंदन, वड. सिंह उठून उभा राहिला.

"हे कुठून आणलंत?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. रोज बाजाराला येणाऱ्यांनी ती रोपं जणू आजच पाहिली होती. "उगवलं असेल काहीतरी," वाघ म्हणाला.

"काहीतरी? आमच्याकडे चार वर्षांत एक कोंब वर आलेला नाही. बी टाकायला पक्षीच उरला नाही." सिंह वाघाकडे वळला. "वाघोबा, तो पलीकडचा सगळा डोंगर तुमचा. मला यातली वीस रोपं द्या."

कोल्ह्याने उडीच मारली. "महाराज, जिंकलो! एवढ्या खड्यांचा सौदा आजवर झाला नाही!" मग कामाची शिस्त आठवून तो म्हणाला, "पण रोपं कोणाची? देणाऱ्याचं नाव लागेल."

साळिंदर म्हणालं, आपली नाहीत. रानडुक्कर म्हणालं, आपण तर उकरणारे. तेव्हा निम्म्या शेपटीचा धनेश फांदीवरून म्हणाला, "तिची आहेत."

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"सगळी माझी नाहीत," फटीतून उत्तर आलं. "चार बोटांची आहेत ती माझी. गुडघ्याएवढी सासूबाईंची. आणि सिंहमहाराजांच्या पाठीला लागतात ती आजेसासूबाईंची. आमच्याकडे घर झाडून घ्यायची पद्धत आहे, इतकंच."

वाघाने कोल्ह्याकडे वळून विचारलं, "यांच्या नावावर किती खडे?"

"आठ, महाराज. पिसांचे."

"आणि या रोपांचे?"

कोल्हा ढिगातले खडे उगाच चाचपू लागला. त्याच्या नीटनेटक्या शेपटीला पहिल्यांदाच कुसळ लागलं होतं, पण ते काढायचं त्याला सुचलं नाही.

"बाई," वाघ आता फटीकडे पाहून बोलला, आणि राजाचा आवाज इतका खाली आलेला कोणी ऐकला नव्हता. "डोंगर तुमचा आहे. मागाल तिथे आणून टाकतो."

"खडे खाता आले असते तर घेतले असते, महाराज," धनेशीण म्हणाली. एवढं मोठं बोलायची तिला सवय नव्हती. पण मागे दोन चोची उघडल्या होत्या. "माझी पिलं उपाशी आहेत. उंबराचं कुंपण काढा. मला तेवढंच हवं. आणि सिंहमहाराज, रोपं अशीच न्या. पण नुसती रोपं नेऊन भागणार नाही. ती फळतील तेव्हा त्यांच्या बिया पसरायला कोणी लागेल. आमच्यातलं एखादं जोडपं तिकडे राहायला हवं असेल, तर ढोली असलेलं एक तरी झाड राखा. आहे का एखादं?"

सिंहाने आठवून पाहिलं. "एक आहे," तो हळूच म्हणाला. "पोकळ आहे म्हणून कोणी विकत घेतलं नाही."

"मग तुमचं जंगल अजून गेलेलं नाही," धनेशीण म्हणाली.

कुंपणाची पहिली फांदी अस्वलाने स्वतः उपटली. "मला तर दार धरून धरून कंटाळाच आला होता," ते म्हणालं. धनेश पंख गाजवत उंबराकडे गेला. जरा तिरपा उडत होता, पण गेला. आणि सगळ्या जंगलादेखत त्याने पहिलं उंबर फटीत दिलं. ते पिलाने घेतलं. दुसरंही पिलाने घेतलं. तिसरं मात्र धनेशाने चोचीत घट्ट धरून ठेवलं आणि तो म्हणाला, "हे तू खा, मगच सोडतो."

सगळे पांगले तरी कोल्हा तिथेच उभा होता. "वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मग आता मोजणी बंद करायची का?"

"बंद कशाला, भावोजी? बाजार किती झाला ते कळलेलं बरं असतं. फक्त त्याला बाजाराचा ढीग म्हणा. जंगलाचा म्हणू नका. जंगल मोजायचं असेल, तर आणखी चार गोष्टी विचारत जा."

कोल्हा आता खरोखरच तसं विचारू लागला. कोणाची पिलं पोटभर जेवली, कोणत्या डोहात उन्हाळ्यात पाणी राहिलं, कुठे नवा कोंब आला. या गोष्टींचे ढीग होत नसत, त्यामुळे सुरुवातीला त्याची फार पंचाईत होई. पण त्याला जंगलाची वाट-न्-वाट माहीत झाली. पांगाऱ्यावरच्या साळुंक्या पुन्हा आपापली पिलं भरवू लागल्या, आणि धाकट्याला न मागता टोळ मिळू लागला.

पुढे एका सकाळी धनेशिणीने चोचीने टकटक करून ढोलीचं तोंड फोडलं आणि नव्या कोऱ्या पंखांनी ती बाहेर आली. मागून दोन पिलं, एकमेकांना ढकलत. धनेशाच्या शेपटीलाही नवी पिसं फुटत होती. कोल्हा खाली हजर होता. त्याच्यापुढे दोन गुळगुळीत खडे होते.

"वहिनी, हे या दोघांचे. कुठे टाकू? बाजाराच्या ढिगात तर बसत नाहीत."

धनेशिणीने खाली पाहिलं. सिंहाने नेलेल्या रोपांच्या जागी इवले नवे कोंब आले होते.

"त्या कोंबाच्या बुडाशी ठेवा," ती म्हणाली. "दगडाखाली माती ओली राहते. खड्याचा तेवढा उपयोग मला ठाऊक आहे."

तात्पर्य : बाजारात जे हातोहात फिरतं ते मोजावं, पण त्यालाच सारी संपत्ती समजू नये; मोबदला न घेता जे भरवतात, उबवतात आणि रुजवतात, त्यांच्या कष्टांची जाण ठेवणारं जंगलच खरं श्रीमंत.